पहिले तिले झोपू द्या

गाडीच्या बॅटरीची तार काढली, की मिस्त्री तिच्या टोकाला फडकं गुंडाळायचे आणि बोनेटवर दोनदा थोपटायचे. मग चपला पायात सरकवून थेट चहाच्या टपरीकडे निघायचे. घाईतलं गिऱ्हाईक मागून हाका मारायचं, तर ते वळूनही न बघता म्हणायचे, "पहिले तिले झोपू द्या."

हुडकेश्वर रोडनं तुम्ही कधी गेला असाल, तर तुम्ही त्यांना पाहिलं असणारच. म्हणजे चेहरा नसेल पाहिला, तळपाय पाहिले असतील. हा माणूस सदैव कुठल्या तरी गाडीच्या स्टिअरिंगखाली डोकं घालून पडलेला, आणि उघड्या दारातून दोन तळपाय रस्त्याकडे बघताहेत. चपला खाली जोडीनं काढून ठेवलेल्या, कारण चपला घालून गाडीत शिरायचं नाही हा त्यांचा नेम होता. सुरुवातीचे कितीतरी दिवस मी त्या तळपायांशीच बोलत होते. पहिल्यांदा चेहरा समोर आला, तेव्हा एवढ्या मोठ्या मिशा बघून मी दचकलेच.

जवळच्या बेसा गावात माझी रोपांची नर्सरी आहे आणि रोपं पोचवायला एक पिकअप. ती मीच चालवते. एके दिवशी ती अंगात आल्यासारखी वागायला लागली. डावीकडचा इंडिकेटर दिला की वायपर फिरायचे. ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. दारं मनात येईल तेव्हा लॉक व्हायची. एकदा मी आणि एक गिऱ्हाईक बाई जास्वंदीच्या कुंड्यांसकट आत अडकलो, आणि सुटका होईपर्यंत तिनं मला स्वतःच्या तिन्ही जावांच्या कागाळ्या ऐकवल्या. पुढे एकदा मी एका अंत्ययात्रेच्या मागे सापडले. हॉर्न थांबेचना. लोकांनी वळून पाहिलं, मी ओशाळून हात जोडले, तर वायपरही सुरू झाले.

तशीच गाडी घेऊन मी मिस्त्रींकडे गेले. मला काय ठाऊक, की तिथे आधीच एक पैज लागलेली होती.

मिस्त्रींची एकुलती एक लेक पुण्याला असते. आई गेल्यापासून बाबांनी एकटं राहू नये, पुण्याला यावं, असा तिचा हट्ट. आणि मिस्त्रींनी तिला सगळ्या गल्लीदेखत शब्द दिलेला, की ज्या दिवशी माझ्या दारातून एखादी गाडी दुरुस्त न होता परत जाईल, त्या दिवशी शटर ओढून तुझ्याकडे येतो. ती रोज संध्याकाळी फोन करायची. मिस्त्री फोन स्पीकरवर ठेवायचे, कारण हात ग्रीसचे. "बाबा, गेली का एखादी परत?" ती विचारायची. "नाई गेली," मिस्त्री अभिमानानं सांगायचे. गल्ली हसायची, आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करायची.

माझी पिकअप बघून गल्लीनं ओळखलं, की हीच ती गाडी.

गाडीचे दिवे, हॉर्न, वायपर, दारं या सगळ्यांचं बघणारा एक डबा स्टिअरिंगखाली असतो. त्याला म्हणतात बॉडी कंट्रोल मॉड्यूल. मिस्त्री त्याला कारभारी म्हणत. जन्मभर त्यांनी तारा, फ्यूज, रिले जुळवले होते. कारभारी मात्र कधी बदलला नव्हता. त्यामुळे त्यांनी आधी सगळ्या तारा तपासल्या. मी म्हटलं, डबाच खराब असेल. ते म्हणाले, कारभाऱ्याले नाव ठेवणं सोपं असते. शेवटी डबा काढून उघडला, तर आतली सर्किटची पट्टी गंज चढून हिरवीगार. मागे वाऱ्यानं नाजूक रोपं मोडू नयेत म्हणून मी लहान कुंड्या डॅशबोर्डवर ठेवत होते, आणि त्यांचं पाणी ठिबकत ठिबकत सरळ आत जात होतं.

"ताई," मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, "तुमी यालेही पाणी घातलं."

नवा डबा मागवला. तो आला त्या दिवशी तार काढली, थोपटणं झालं, चहा झाला. मिस्त्रींनी डबा जागेवर बसवला, एकेक जोड खटकन लावला, बॅटरीची तार परत जोडली, ओळखीच्याकडून आणलेलं बिघाड वाचणारं स्कॅनर लावलं आणि चावी फिरवली. गाडी हूं की चूं करेना. पुन्हा फिरवली, तरी नाही. टपरीवरचे लोक ग्लास हातात घेऊन जवळ आले. मिस्त्रींच्या मिशांवर घाम होता.

मग ते स्कॅनरच्या पडद्यावर नाक टेकवून बसले आणि एकदम म्हणाले, "दुसरी चावी कुठं हाय?"

नवा कारभारी आपल्या चाव्या स्वतः ओळखून घेतो म्हणे, आणि आमच्या गाडीत दोन्ही चाव्या दाखवल्याशिवाय तो कुणाला दाद देत नाही. दुसरी चावी देवघरात होती. गाडी घेतली त्या दिवशी सासूबाईंनी ती पूजेत ठेवली, आणि तेव्हापासून बाळकृष्णाच्या शेजारी तिलाही रोज हळदकुंकू मिळत होतं. मी फोन केला. देवाची वस्तू अशी कुणाच्याही हाती द्यायची नसते, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. थोड्या वेळानं एक ऑटो येऊन थांबला. आत सासूबाई, मांडीवर ताम्हण, ताम्हणात चावी आणि चावीवर झेंडूचं फूल.

"पहिले हात धू गा," त्या मिस्त्रींना म्हणाल्या.

मिस्त्रींनी निमूट हात धुतले. खाचांत कुंकू भरलेली ती चावी लावली, फिरवली, आणि इंजिन धडधडलं. मी डावीकडचा इंडिकेटर दिला. सगळी गल्ली काचेकडे बघत राहिली. वायपर जागचा हलला नाही, म्हणून टाळ्या पडलेल्या मी आयुष्यात तेवढ्या एकदाच ऐकल्या. सासूबाईंनी नव्या कारभाऱ्यालाही कुंकू लावायचं म्हटलं. त्यांना आवरताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "नाई गेली," मिस्त्री ओरडून म्हणाले. पलीकडून नुसतं "बरं" आलं. फोन बंद झाल्यावरही ते त्याच्याकडे बघत उभे राहिले.

पुढच्या वर्षी त्यांना नात झाली. मग काय विचारता. फ्यूज बदलायला आलेल्या माणसालाही आधी नातीचे फोटो बघावे लागत. नाक माझ्यावर गेलं म्हणायचे आणि मिशा बाजूला करून ते दाखवायचे. सगळे म्हणाले, जा की पुण्याला. तर ते म्हणायचे, शब्द म्हणजे शब्द, गाडी परत गेल्याशिवाय कसं जायचं? आणि गाडी काही परत जाईना. तुम्ही हसाल, पण तो माणूस आपल्याच हुशारीत अडकला होता.

अशात एकदा माझा उजवीकडचा इंडिकेटर लागेना. नुसता बल्ब गेलेला. मिस्त्रींनी त्यासाठी बॅटरीची तार काढली, बोनेट थोपटलं, चहा घेऊन आले. मग चपला काढून आत शिरले आणि कितीतरी वेळ डोकं खाली घालून पडून राहिले. बल्ब पुढच्या दिव्यात होता, स्टिअरिंगखाली नव्हता. मग बाहेर आले, तार परत जोडली, हात पुसले आणि टपरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाई ताई. हे आपल्याच्यानं होत नाही. न्या परत."

मागच्या फळीवर बल्बची खोकी रचलेली दिसत होती. मला आधी हसू आलं, आणि मग त्यांचे डोळे बघून मी ते आवरलं.

"तुमच्याच्यानंही नाही, मिस्त्री?" मी तेवढ्याच मोठ्यानं विचारलं.

"मोठा बिघाड हाय."

मी गाडी वळवत होते तेव्हा फोन वाजला. "गेली वं माय," ते म्हणत होते. "आज एक गेली." पलीकडे लेक हसत होती की रडत होती, ते मला कळलं नाही.

आता ते शटर बंद असतं. टपरीवाल्याच्या फोनवर पुण्याहून नातीचे फोटो येतात, आणि मी गेले की तो दाखवतो. माझ्या गाडीचा तो बल्ब मात्र तसाच आहे. कुणीही चुटकीसरशी लावून देईल, पण मग त्यांचं बोलणं खोटं पडेल. म्हणून उजवीकडे वळताना मी खिडकीतून चांगला कोपरापर्यंत हात बाहेर काढते. परवा चौकात पोलिसानं अडवलं आणि इंडिकेटर का दुरुस्त करत नाही म्हणून विचारलं.

"मोठा बिघाड आहे, साहेब," मी म्हटलं. "हुडकेश्वरच्या मिस्त्रीच्यानंही नाही झालं."