बबलूच्या मापाची गाडी

माझे मधले दीर प्रेमराजनाना दोंडाईच्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात. ट्रॉल्यांच्या घरात रेसची गाडी कुठून आली, असं कोणीही विचारेल. ती आली त्यांच्या बबलूच्या डोक्यातून. या पोरानं घरामागच्या शेडमध्ये पाइपांची चेसी जोडली, भंगारातल्या व्हॅनचं इंजिन बसवलं आणि दोनच सीटं ठेवली. स्वतः ताडमाड उंच. जमिनीवर पाय पसरून बसला, खडूनं खुणा केल्या आणि त्या मापावर सीट वेल्ड करून टाकलं. पुढेमागे सरकायची सोयच नाही. भिकूबाई, म्हणजे त्याची आई, भाकरी थापत होत्या, तर त्यांनाही कंबरेपासून टाचेपर्यंत टेप लावला. त्यांनी उलथनं उगारलं तेव्हा म्हणाला, “तुले नवा पाट करी देसू.”

गाडीवर पत्रा चढायच्या आत, दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, तो नंदुरबार रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला.

गाडी नानांनी पुरी केली. पत्रा ठोकला, लाल रंग मारला. पण नाना बुटके. त्यांचा पाय क्लचपर्यंत पोचेना. सगळे म्हणाले, सीट कापून पुढे घ्या, किती वेळाचं काम आहे! नानांचं एकच उत्तर, “माप बराबर शे.” गाडीत ते कोणाला बसूही देत नसत. रोज संध्याकाळी बाहेरूनच वाकून चावी फिरवायची, इंजिन सुरू ठेवायचं आणि बाजूला उभं राहायचं. तो आवाज आला की स्वयंपाकघरात भिकूबाई चहात आणखी एका कपाचं पाणी वाढवायच्या. खरं सांगते, मला भीती वाटायची. इंजिन बंद झालं की कोणीतरी चपला काढून आत येणार, असं वाटायचं. मी दाराकडे बघायचीच नाही.

पहिल्या वर्षी दुखवटा होता, गेल्या वर्षी कोणाचं मन झालं नाही. यंदा श्रावणात आमची खानदेशी देवी, कानबाई, घरात बसवायची ठरली आणि आम्ही जावा तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजायला बसलो. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. बायकांना मोजत नाहीत, ते भांडण वेगळं. गेलेल्या माणसाची मूठ मात्र घ्यायची नसते. भिकूबाईंनी नानांची मूठ टाकली, आणि दुसरी भरली. मोठ्या जाऊबाई रत्नाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

“भिकू, तुना घरमा आते एकच माणूस शे.”

“मंग रोज सांजले गाडी कोनाकरता चालू व्हस?” असं म्हणत भिकूबाईंनी हात सोडवला आणि मूठ ढिगात टाकली.

नाना दारातच होते. तिथूनच शेडकडे गेले. त्यांच्या मागे भिकूबाई गेल्या, आणि घाबरून मी. नाना ग्राइंडर घेऊन सीटाजवळ बसले होते, पण बटण दाबवत नव्हतं. भिकूबाई त्यांना ओलांडून दुसऱ्या सीटावर जाऊन बसल्या. पाठ नीट टेकली. टाचा पुढच्या पत्र्यावर टेकल्या, बरोब्बर. त्या बुटक्या बाईचे पाय एरवी कुठल्याही गाडीत लोंबतात. त्यांनी खाली वाकून आपल्या टाचा पाहिल्या.

“पाट,” त्या म्हणाल्या. “मना पाट शे हाऊ.”

आणि त्या मोठ्यानं रडल्या. तो गेला त्या दिवशीसुद्धा अशा रडल्या नव्हत्या. मग पदरानं तोंड पुसून नानांना म्हणाल्या, “कापा आते. मी एकली बठसू का?”

नानांनी सीट कापलं. ठिणग्या उडत होत्या आणि दोघंही डोळे न झाकता बघत होते. मग नानांनी ते आपल्या मापावर पुढे घेऊन पुन्हा जोडलं.

आत येऊन भिकूबाई ढिगापाशी बसल्या. त्यातले बबलूचे गहू कोणते, ते कसं कळणार? तरी त्यांनी मूठ भरली, वर थोडे दाणे घेतले आणि कोठीत परत टाकले.

संध्याकाळी इंजिन सुरू झालं. या खेपेला आवाज शेडमध्ये थांबला नाही. गल्लीतून स्टेशनकडे दूर दूर गेला. घरात मी एकटीच होते. चुलीवर चहा उकळत होता. मी दाराकडे पाहिलं आणि त्यात पाणी वाढवलं.