मोहाखालची काळी वर्तुळं

“ये पेड़ हटाओ,” शेठजी मॉडेलवर वाकून म्हणाले. “बीच का मैदान साफ दिखना चाहिए.”

“तिथे झाडं आहेत, शेठजी.” मी म्हणालो.

शेठजी गोंदियाचे लाकडाचे ठेकेदार. दरेकसा स्टेशनाजवळ त्यांना साइडिंग हवी होती. साइडिंग म्हणजे मुख्य लाइनीतून फुटलेला जादा रूळ. त्यावर माल भरायला डबे उभे करतात. रेल्वेच्या साहेबाला जागा पटावी म्हणून मॉडेल करायचं होतं. परीक्षा आटोपून आलेल्या मला त्यांनी ड्राफ्ट्समन म्हणून ठेवलं. दवनीवाड्याच्या आमच्या धान पिकवणाऱ्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ही नोकरी मला फार मोठी वाटत होती.

डोंगर, रूळ, स्टेशन झालं. झाडांसाठी पैसे मागितले, तर शेठजी हसले. “जंगल में पेड़ मुफ्त मिलते हैं, बाबूजी.”

मग मी फुकटचीच केली. वाळक्या तरोट्याच्या तणाचे शेंडे म्हणजे खोड आणि फांद्या. बिडीच्या कारखान्यातून तेंदूपानाची कात्रणं आणली, चुरून चाळली आणि सरस लावलेल्या काडीवर भुरभुरली. रंग लागलाच नाही. उन्हाळ्यातलं जंगल असंच मळकट दिसतं. स्केलप्रमाणे माणूस धानाच्या दाण्याएवढा, तर झाड बोटाएवढं. मोहाची झाडं तेवढी उघडी ठेवली. फुलाच्या दिवसांत त्यांच्यावर पान नसतं.

जागा पाहायला गेलो होतो, तेव्हा एक गोंड म्हातारी मोहाखालचा पाचोळा जाळत होती. प्रत्येक मोहाखाली जळकं काळं वर्तुळ उरलं होतं.

“कायले जाळून राहिली, माय?”

“फूल पडन तं दिसाले पायजे ना, बाबू! हे झाड आमचं, थे माह्या दिराचं.”

एकेका घराचं एकेक झाड. वाळवलेली फुलं पावसाळ्यात पोटाला. आणि शेठजींच्या साइडिंगची रेघ नेमकी त्या झाडांमधून जात होती. म्हणून मॉडेलवर प्रत्येक मोहाखाली मी कोळशाच्या भुकटीचं वर्तुळ केलं, सरसावर पक्कं चिकटवून.

“हटाते हो या नहीं?” शेठजींनी पुन्हा विचारलं.

“नाही. तुम्हीच जागा पाहायला पाठवलं होतं. मी पाहिली.”

“कॉलेज की हवा लग गई है!” शेठजींनी मोह एकेक करून उपटले आणि केराच्या टोपलीत टाकले.

दुपारी रेल्वेचा साहेब आला. मॉडेलभोवती फिरला, मधल्या मैदानाशी थांबला.

“ये काला क्या है?”

“रंग का दाग है, हुजूर,” शेठजी म्हणाले.

“डाग नाही, सर,” मी इंग्रजीत म्हणालो. पुढचे शब्द अडखळले, पण पाचोळा, फुलं, घरं, सगळं सांगितलं.

“मग झाडं कुठे आहेत?” साहेबाने विचारलं.

मी टोपली उचलली. मोह काढले आणि एकेक आपापल्या भोकात रोवला. शेठजी माझ्याकडे बघत होते. एकही वाकडा बसला नाही.

“घरं किती?”

“जितकी वर्तुळं, सर.”

साहेब स्वतः दरेकशाला जाऊन आला. साइडिंग रुळांच्या पलीकडे, मुरमाड बाजूला गेली. शेठजींना भराव जास्त लागला. मला त्यांनी मॉडेल दाखवलं त्याच संध्याकाळी काढलं होतं. मी माफी मागितली नाही.

पुढे बरीच मॉडेल्स केली. अजूनही झाडं सर्वांत शेवटी रोवतो. आधी जमीन आणि तिच्यावरच्या खुणा पक्क्या चिकटवतो. झाड कोणीही उपटू शकतं.