पानाशेजारचा ग्लास

पितृपक्षातल्या दुपारी गच्चीवर दादाचं पान वाढलंय. शेजारच्या ग्लासात वाईन आहे, इतकी गडद लाल की ऊनही तिच्या आरपार जात नाही. बोटीवर नोकरी करणाऱ्या दादाने, माझ्या भावाने, ती गेल्या वर्षी स्पेनहून आणली होती.

"ही दांडगी आहे. माशाची चवच लागू देणार नाही. हिला आईचं सुकं मटण हवं," तो म्हणाला होता.

पण श्रावण होता. आई म्हणाली, "महिना संपू दे." त्याआधीच त्याची सुट्टी संपली. पुढच्या सुट्टीला तो आलाच नाही, बोटीवरच गेला.

बाटली शोकेसमध्ये उभी राहिली. चांगल्या दिवसासाठी राखलेल्या वस्तू अशाच मागे उरतात आणि येता-जाता आपल्याकडे बघत राहतात.

आज कावळ्याने मटण लगेच उचललं. मी खालून पाणी घेऊन आले, तर ग्लास बोटभर कमी झालेला. अंगावर काटा आला.

मग आईकडे लक्ष गेलं. दारूचा वासही सहन न होणाऱ्या आईचे ओठ जांभळे झाले होते. पानाकडे बघत ती हळूच म्हणाली, "खरंच रे. मटणाबरोबरच हवी ही."