उलटं शिकलेलं कराटे

कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करणाऱ्या बाईला सगळे टाचणी म्हणायचे. अंगाने तशीच आणि बोलण्यानेही तशीच. चाळिशी उलटल्यावर तिने कराटे शिकायचं मनावर घेतलं. लहानपणी वडिलांनी क्लास लावला होता तो भावाला. त्याने तो लगेच सोडला, हिची हौस मात्र तशीच राहिली. आता रोज सकाळी ओट्यावर बरणीला मोबाइल टेकवून ती व्हिडिओ लावायची आणि हातपाय झाडायची.

व्हिडिओतला शिक्षक हसतमुख होता. प्रत्येक लाथेनंतर "शाब्बास, अगदी बरोबर" म्हणायचा. टाचणी मध्येच चहा पीत बसली तरी म्हणायचा.

नवरा डिलिव्हरीची व्हॅन चालवायचा. कामाला निघण्याआधी तो उशी धरून समोर उभा राहायचा. "उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्याला तू दिसतेस तरी का?"

"तुम्ही उशी नीट धरा."

वर्षभर हे चाललं. मग गुडघा कुरकुरायला लागला. एकदा गिऱ्हाइकाच्या पँटीचं माप घ्यायला ती खाली बसली आणि तिला उठताच येईना. शेवटी गिऱ्हाइकानेच हात दिला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि वर म्हणाले, "लाथा मारायच्याच असतील तर कोणाकडून तरी नीट शिका."

गुडघा बरा झाल्यावर ती क्लासला गेली, पण नाक वर करूनच. एवढं येतंय म्हटल्यावर आपल्याला पुढच्याच वर्गात घेतील, अशी तिची खात्री होती.

क्लास एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवणाऱ्या ताई तिच्याहून लहान, आडव्या बांध्याच्या, कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "काय येतं ते दाखवा."

टाचणीने पाठ केलेलं सगळं एका दमात करून दाखवलं. ताईंनी विचारलं, "डावखुऱ्या आहात?"

"नाही."

"मग सगळं उलटं का करता?"

व्हिडिओतला माणूस तिच्याकडे तोंड करून उभा असायचा. त्याचा उजवा हात तिच्या डावीकडे. तिने आरशात बघावं तसं वर्षभर उचललं होतं. हे लक्षात आलं तेव्हा तिचे कान तापले.

"आता लाथ मारून पाय तसाच वर ठेवा," ताई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या खांद्याला एक बोट लावलं. टाचणी भिंतीवर जाऊन आदळली. "जमिनीवरच्या पायाची टाच वळत नाही तुमची. सगळा पीळ गुडघ्यात जातो. पहिल्यापासून सुरू करू. आधी नुसतं उभं राहायचं."

घरी येऊन तिने भांडी आपटली.

"उभं राहायला शिकवणार म्हणे मला. जन्मल्यापासून काय लोळत होते?"

"मग नको जाऊस," नवरा म्हणाला.

"म्हणजे त्यांना वाटेल मी घाबरले."

दुसऱ्या दिवशी इस्त्री करता करता, कोणी बघत नाही असं पाहून, तिने टाच वळवून पाय उचलला. गुडघ्यातून कळ आली नाही. तिला बरं वाटायला हवं होतं, पण रागच आला. एवढीशी गोष्ट, आणि वर्षभर कोणी सांगितली नाही.

ती परत गेली. उभं राहणं, चालणं, वळणं, पुन्हा उभं राहणं. तिच्यानंतर आलेली कॉलेजातली मुलगी पुढच्या रांगेत गेली. टाचणी मागेच. डोकं उजवं म्हणायचं आणि हात डावा उठायचा. शिवण घालण्यापेक्षा उसवायला जास्त वेळ लागतो हे तिला माहीत होतं, पण कापड निदान हट्ट तरी करत नाही.

मग जोडीचा सराव सुरू झाला. कॉलेजातली मुलगी सावकाश ठोसा मारणार, हिने तो हाताने बाजूला सारायचा. हवेत तिचा हात छान फिरायचा. समोरून मूठ आली की ती डोळे गच्च मिटून घ्यायची.

"डोळे," ताई म्हणायच्या.

"उघडेच आहेत."

"मिटले होते."

कितीतरी आठवडे हेच. उशी कधी उलट मारत नाही, त्यामुळे ही खोड आपल्याला आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. सांगणाऱ्या ताईंचाही तिला राग यायचा.

एका संध्याकाळी मूठ निघाली आणि टाचणीला ती अगदी शेवटपर्यंत दिसली. बोटांची पेरं, अंगठ्यावरची शाई, सगळं. बघण्यात ती एवढी गुंगली की हात उचलायचाच राहिला. ठोसा छातीवर बसला.

मुलगी घाबरली. "काकू, लागलं का?"

"लागणारच ना," टाचणी फणकारली.

ताई जवळ आल्या. "या वेळी बघत होतात. आता हात उचला. परत."

टाचणीने दात-ओठ खाल्ले, टाच वळवली आणि चुकून डावा पाय पुढे टाकला. ताईंनी नुसतं पायाकडे पाहिलं. मनातल्या मनात दोन शिव्या हासडून तिने पाय बदलला.