लाल झाकणाची बरणी

कुवेतमधल्या एका नेमबाजी क्लबात मी पिस्तुलाच्या वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा मापात आणतो. गोळी सुटली की पितळेची पुंगळी जराशी फुगते. ती धुवायची, वाळवायची, तेलाचं बोट फिरवायचं आणि प्रेसमध्ये दाबून मूळ मापाची करायची. चिरलेली निघाली तर भंगारात. या कामाला अक्कल लागते असं मी लोकांना सांगतो. खरं तर लागतो तो उजवा खांदा.

धुण्याची युक्ती माझ्या बायकोची. क्लबातली धुण्याची परदेशी पावडर एकदा संपली, तेव्हा तिने रत्नागिरीहून आणलेली जुनी, काळी पडलेली आमसुलं हातात दिली. "पितळच ना ते? मग समई घासतात तसं घास." पुंगळ्या लखलखल्या. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात दोन बरण्या: निळ्या झाकणाची माझ्या कामाची, लाल झाकणाची सोलकढीची. "घरच्या समईला हात लावत नाहीस, आणि लोकांच्या काडतुसांना न्हाऊमाखू घालतोस," असं ती सारखी ऐकवायची.

ती जाब्रियातल्या इस्पितळात नर्स होती. ड्यूटीवरून आली, दारातच पडली, तिसऱ्या दिवशी गेली. गावी सगळं उरकून मी आणि मुलगी परत आलो. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. कसला धीर! मला काही वाटतच नव्हतं. जेवत होतो, झोपत होतो, प्रेसचा दांडा ओढत होतो. सोळा वर्षांची मुलगी खोलीचं दार लावून बसायची. विचारलं तर आतून "आय ॲम फाइन".

एका गुरुवारी सकाळी तीच बाहेर आली. "बाबा, आज मी सोलकढी करणार. आईसारखी. लवकर ये." इतक्या आठवड्यांत तिने पहिल्यांदा काहीतरी करायचं म्हटलं होतं. लाल बरणीत बायकोने मे महिन्यात स्वतः वाळवलेली आमसुलं होती, शेवटची मूठभर. मुलीने ती बरणी कपाटातून काढून ओट्यावर ठेवली. मी "बरं" म्हणालो, आणि कामावरची आमसुलं संपलीत एवढंच आठवून ओट्यावरची बरणी पिशवीत टाकून निघालो.

वर्कशॉपमध्ये गरम पाण्यात आमसुलं टाकली, वर पुंगळ्या ओतल्या. शेजारच्या टेबलावरच्या पेशावरी उस्तादांनी मान वळवली. "भाई, आज खुशबू बड़ी अच्छी है।" मला कसलाच वास आला नाही. पुंगळ्या उन्हात वाळवल्या आणि दांडा ओढू लागलो. वर, खाली. प्रत्येक पुंगळीच्या बुडातली, बार उडवून जळालेली टोपी डब्यात पडत होती. दुपारी साहेबांनी एक पुंगळी उचलून डोळ्यांसमोर धरली.

"व्हाय पिंक?"

जुनं आमसूल पितळ नुसतं उजळवतं. ताजं तेज असतं, त्याने पितळेवर तांब्याची लाली चढते. मी पिशवीतून बरणी काढली. झाकण लाल होतं.

संध्याकाळी घरी आलो तर मुलीने नारळाचं दूध काढून ठेवलं होतं. लसूण, मिरची, मीठ, सगळं घातलेलं. दोन ग्लास मांडलेले.

"रेड जार कुठेय, बाबा?"

मी सरळ सांगून टाकलं. लपवावंसं वाटायलाही आत काहीतरी हलावं लागतं.

"आईची आमसुलं तू गोळ्यांना घातलीस?" इतकं स्वच्छ मराठी ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. मग रडली, किंचाळली, दार आपटून आत गेली. थोड्या वेळाने परत आली, दोन्ही ग्लास भरले आणि एक माझ्यापुढे सरकवला.

"पी."

पांढरं शुभ्र होतं. मी घोट घेतला. जीभ आंबटाची वाट बघत राहिली, आणि ते आलंच नाही. मी ग्लास खाली ठेवला. माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की मुलगी टेबलाला वळसा घालून धावत आली.