दुसऱ्यांच्या माहेरवाशिणी

आधी अक्काचे उपकार सांगते, मग बाकीचं. जळगावच्या आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत राहणारी ही बाई नसती, तर माझं शिलाईचं मशीन गेलं असतं.

माझी शाळा सातवीतच सुटली होती. धुळ्याची गिरणी बंद पडली तसे आईवडील सुरतेला गेले आणि माहेर लांब पडलं. लग्नानंतर एका शिंप्याने वापरायला मशीन दिलं, अट एकच: कपडे वेळेवर. ते मोटरीवरच चालायचं, पायडल नव्हतं. आणि अक्काची खोली सोडून सगळ्या चाळीला फ्यूज एकच. जरा भार वाढला की तार जळायची, मग घरमालक येईपर्यंत हात बांधून बसायचं. माझा जीव कायम टांगणीला.

अक्का घरी मिलची डाळ निवडायची. चाळीत कोण कधी वीज ओढतं, ते तिने मला खिडकीत दाणे मांडून शिकवलं. सकाळी हीटरची शेगडी पेटवणारी ती तुरीची घरं, दुपारी कूलर लावणारी मुगाची, संध्याकाळी टीव्हीपुढे बसणारी उडदाची. मूग झोपले, म्हणजे कूलर बंद झाले, की मशीन चालवायचं. वर्षभर माझा अंदाज चुकला नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. शेजारणींचे भाऊ त्यांना माहेरी न्यायला, मुराळी म्हणून येऊ लागले. एकेक सून नवी पिशवी घेऊन, हसत निघायची. मी दारातून बघायची आणि आतून जळायची. माझ्याकडे कोण येणार? मग मनात म्हटलं, जा बायांनो, तुमचे कूलर तरी बंद पडतील. खिडकीतले मूग उचलले आणि शिंप्याकडून दुप्पट ब्लाउज घेऊन आले.

आखाजीच्या आदल्या दुपारी फ्यूज उडाला. घरमालक गावाला गेलेला. शिंपी संध्याकाळी यायचा होता.

"सगळ्या तर गेल्या, मग भार कुणाचा?" मी रडकुंडीला आले.

अक्का कपाळाला हात लावून हसली. "येडी! सुना जातस, तश्या पोरी येतस. हाई तू कशी इसरनी?"

खरंच की. प्रत्येक घरात लेक आलेली, कडेवर पोरं, पंखे गरगर, कूलर जोरात. मी जाणाऱ्याच मोजल्या होत्या. येणाऱ्यांकडे बघवतच नव्हतं मला.

अक्काचं मीटर वेगळं होतं. तिने माझं मशीन आपल्या खोलीत ओढलं. पण तिची वायरिंग जुनी, त्यामुळे कूलर बंद करावा लागला. फैजपूरहून आलेली तिची लेक पदराने वारा घेत म्हणाली, "माय, मी माहेरले उनू का भट्टीमा?"

"ऱ्हाय जराशी गरम. तिनं माहेर बी आठेच शे." माझंही माहेर इथेच, असं अक्काने माझ्याकडे बोट दाखवत तिला सुनावलं.

सुई चालत होती, डोळे भरत होते. तरी खरं सांगते, त्या क्षणीही मला त्या लेकीचा हेवाच वाटत होता. आईवर असं हक्काने रुसता येतं, म्हणून. आमरसाची पहिली वाटी अक्काने मलाच दिली, तरी तो हेवा गेला नाही. शिंपी आला तेव्हा शेवटच्या ब्लाउजचे हूक लावत होते. मशीन राहिलं.

आता अक्का लेकीकडेच असते. तिला माहेर उरलेलं नाही. एका आखाजीला मीच तिची मुराळी होऊन फैजपूरला जाईन, तिला माझ्या घरी आणीन, आणि अख्खा कूलर तिच्या एकटीच्या तोंडासमोर लावीन.