मोटर चालू करतंय कोण?

चहाचा कप जरा खाली ठेवतो, कारण हे सांगताना आजही मला घाम फुटतो. खोटं नाही सांगत, इतकी लाज आयुष्यात दुसऱ्यांदा वाटली नाही!

मी सणसवाडीच्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. गावात लोक मला इंजिनिअर म्हणायचे आणि मीही कुणाची चूक दुरुस्त करायचो नाही. आमच्या गावी, न्हावऱ्यात, आमची आणि थोरल्या चुलतभावाची, म्हणजे दादांची, सामाईक विहीर. मोटरही एकच. पाण्याची आठवडा-आठवडा पाळी. ज्याची पाळी, त्याच्या रानाकडं व्हॉल्व्ह फिरवायचा.

मोबाईल तेव्हा नुकतेच गावात आले होते. मी हौसेनं मोटरला मोबाईल स्टार्टरची डबी बसवली. डबीत एक सिमकार्ड असतं. त्या नंबरला रिंग दिली की मोटर चालू, पुन्हा दिली की बंद! बायकोनं नवा नंबर घेतला होता, तिचं जुनं सिम मी डबीत घातलं. काय ती माझी हुशारी!

दादा म्हणाले, "आरं, बटनाला काय झालंय? हात हायत की आपल्याला."

आणि मोटर आपोआप चालू व्हायला लागली. मी कंपनीत, पाळी दादांची, दादांनी काढलेला कांदा रानात वाळत पडलेला, आणि त्याच्यावर पाणी! एकदा नाही, दोनदा. भिजलेला कांदा वखारीत टिकतो होय?

"तू मुद्दाम करतूयास!" दादा कडाडले.

"म्या? तुम्हीच बटन दाबताय, माझी डबी काढायला लावायची म्हून!"

आणि हे कुणासमोर बोललो? आमच्या थोरल्या चुलत्यांसमोर, आबांसमोर! स्वतःचा कांदा कोण भिजवील, एवढंही डोक्यात आलं नाही.

सुट्टीच्या दिवशी सगळे विहिरीवर जमलो. मी मोबाईल बंद करून आबांच्या हातात दिला. "धरा. दादा, तुम्ही हितंच म्होरं बसा. आता कशी चालू व्हतीया, बघू!"

घर्रर्र! मोटर चालू.

दादा जागचे हललेसुद्धा नव्हते. आबा माझ्याकडं बघतायत, मी डबीकडं. "ते काय हाय आबा... लोड... व्होल्टेज..." तोंडाला येईल ते बोलत सुटलो.

तेवढ्यात मोटर बंद!

मागून बायको बांधावरनं ओरडत आली. "आवं, फोन बंद का ठिवलाय? दोनदा लावला! च्या किती जणांचा टाकू?"

"दोनदा?" आबा म्हणाले. "पुन्यांदा लाव बरं, सूनबाई."

तिनं लावला. मोटर चालू!

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कंपनीत फोन बंद ठेवावा लागायचा. म्हणून मीच मागं सेटिंग करून ठेवलं होतं, की आपला फोन बंद असला तर येणारा कॉल बायकोच्या नंबरवर जावा. जुन्या नंबरवर! तोच आता डबीत बसलेला. म्हणजे मी कामावर असताना साडू, सासरे, दूधवाला, ज्यानं ज्यानं मला फोन लावला, त्यानं त्यानं दादांचा कांदा भिजवला. आणि मी भर माणसांत खोटं पाडलं ते दादांना.

मी दादांचे पाय धरले. "दादा, चुकलो. आत्ताच्या आत्ता काढतो सेटिंग."

दादांनी मला उठवलं. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दी. उद्या मला यवतला पाव्हण्याकडं जायचंय, आन् उसाला पानी बी द्यायचंय. तिथनं तुला फोन लावीन. तेवढा बंद ठिव म्हंजी झालं!"